कागद, कस आणि ओळख

गेल्या महिन्यात जळगावात एका परिसंवादाला गेलो होतो. विषय होता, नोकरी देताना पदवी बघायची की कौशल्य. एका बाजूचे वक्ते म्हणाले, पदवी म्हणजे नुसता कागद, बहिणाबाईंकडे कुठे होती पदवी? दुसऱ्या बाजूचे म्हणाले, असं असेल तर पोरांनी शिकायचंच कशाला, सगळी कॉलेजं बंद करा. टाळ्या दोघांनाही पडल्या. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात माझी बावीस वर्षं गेली आहेत आणि त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं माणसं निवडण्यात. एवढ्या वर्षांत मला जी अडचण रोज दिसली, तिचं नावही त्या दोन तासांत कोणी घेतलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जे काम समोर करून दाखवता येतं, त्याला पदवीची अट लावणं अन्यायाचं आहे. ती काढलीच पाहिजे. पण तिच्या जागी सगळ्यांना सारखी, लेखी नोंद ठेवणारी आणि उमेदवाराच्या वेळेचे पैसे देणारी परीक्षा आणणार नसाल, तर अट राहू द्या. कारण ती जागा मोकळी झाली की तिथं कौशल्य आपोआप येऊन बसत नाही. ओळख येऊन बसते.

आधी ही अट टिकते कशी ते बघू. गोदामात माल मोजायला 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' लागतो, डिलिव्हरी चलान बनवायला बी.कॉम. लागतो, पॅनलचे नट आवळायला पदविका लागते. कामाला हे शिक्षण लागत नाही हे मालकालाही ठाऊक असतं. पण एका जागेला चारशे अर्ज आले की साडेतीनशे बाजूला काढायला काहीतरी हवं असतं, आणि पदवी ही मालकाला फुकट मिळालेली चाळणी आहे. तिचा खर्च पारोळ्याच्या नाहीतर साक्रीच्या कुठल्या तरी बापानं कापसाच्या पैशांतून तीन वर्षं भरलेला असतो. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ साली हे मांडून दाखवलं होतं: शिक्षणानं माणसाचं काम तसूभरही सुधारलं नाही, तरी निव्वळ खूण म्हणून पदवीला बाजारात किंमत येऊ शकते. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेलचा वाटाही मिळाला. खूण सगळ्यांच्याच हातात आली की ती निरुपयोगी होते आणि अट एक पायरी वर चढते. दहावीची बारावी होते, बारावीची पदवी होते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, तेही पदवीची अट असताना. उलटा प्रकारही आपण पाहिला. एका सरकारी बँकेच्या शिपाई पदासाठी पदवीधर नको अशी अट होती. एका तरुणानं आपली पदवी लपवून ती नोकरी मिळवली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँकेच्या बाजूनं निकाल दिला. माहिती लपवणं चूकच, त्यावर माझं दुमत नाही. पण पोटासाठी पदवी लपवावी लागते, ही वेळ त्या पोरावर कोणी आणली?

आता समोरच्या बाजूचं सगळ्यांत जड म्हणणं. ते त्या परिसंवादात कोणी मांडलं नाही, म्हणून मीच मांडतो.

पदवी आणि परीक्षा येण्याआधी कामं कशी मिळत होती? कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी होई. त्याला हिशेब येतो का, हे विचारायचं कारणच नव्हतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. आपल्याकडे कुलकर्णी वतनं कायद्यानं जायला १९५० उजाडलं आणि खालची गावकीची वतनं जायला १९५८. साहेबाच्या राज्यातही सनदी नोकऱ्या आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीवर वाटल्या जात. १८५५ मध्ये खुली परीक्षा सुरू झाली आणि १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ती पास झाले. संचालकांच्या पारखी नजरेवर सोडलं असतं, तर एक तरी भारतीय माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचला असता का? उत्तरपत्रिकेवरच्या क्रमांकाला आडनाव नसतं. खानदेशातल्या किती वस्त्यांत पहिल्या पदवीधराची फ्रेम आजही देवाच्या फोटोशेजारी लावलेली आहे. ज्या घराला शेकडो वर्षं 'तुझ्या हातानं हे काम व्हायचं नाही' असं सांगितलं गेलं, त्या घरानं सरकारी शिक्क्यानिशी मिळवलेलं ते उत्तर आहे. 'कागदच तर आहे' असं त्या घराला सांगायचा अधिकार चार पिढ्या पदव्या असलेल्यांना कोणी दिला?

शिवाय कौशल्य तरी सगळ्यांना सारखं कुठे मिळतं? आमच्या भागातले उत्तम मोटर मेकॅनिक रिवाइंडिंगच्या दुकानांत तयार झाले. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली, जळालेली कॉइल कापून तिचे वेढे मोजत. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, कारण बोअरमधल्या मोटरी सारख्या जळतात. त्यातल्या एकाही दुकानात मी शिकाऊ मुलगी पाहिलेली नाही. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, असं दुकानच जवळपास नसतं. आश्रमशाळा मात्र असते. तिथल्या पोराला पदवीपर्यंतची वाट लांब का होईना, पण दिसते. उस्तादाच्या दुकानाची वाट त्याला कोणी दाखवतच नाही. 'आम्ही फक्त कौशल्य बघतो' हे वाक्य त्याच्यासाठी मोकळं दार नव्हे, नवं कुलूप आहे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०१६ मध्ये आमच्या विभागात आठ जागा निघाल्या. पदवी-पदविकेची अट काढा, हा आग्रह माझाच होता आणि तो मान्यही झाला. अटीच्या जागी काय आणायचं, हे मात्र आम्ही ठरवलं नाही. 'हात बघून घेऊ' एवढंच ठरलं. सुपरवायझर बसले, पोरांशी दहा-दहा मिनिटं बोलले, कोण कुठला, आधी कुठे होतास, कोणाच्या हाताखाली. महिनाभरानं यादी आली. आठांतले सहा दोन गावांचे, आणि ती दोन्ही गावं निवडणाऱ्यांच्या नात्यागोत्यातली. बाई एकही नाही. सहांतले दोघे खरोखर चांगल्या हाताचे निघाले. उरलेले चौघे वाईट माणसं नव्हती, पण त्या जागांवर त्यांच्यापेक्षा जास्त हक्क असलेली पोरं गेटवरून परत गेली होती. त्या यादीवर माझी सही आहे. पदवीची अट असती तर निदान नंदुरबारचा एखादा पदविकाधारक, ज्याला इथं कोणी ओळखत नाही, तो आत तरी आला असता.

म्हणूनच परिसंवादातलं बहिणाबाईंचं उदाहरण मला खटकलं. असोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरंच. पण तिच्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या कशा? मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी त्या कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून. १९५१ मध्ये ती गेली, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. म्हणजे प्रतिभा तिची, पण ती जगाला दिसली ती कोणीतरी बसून, कान देऊन, नोंद केली म्हणून. जात्यावर गाणाऱ्या, घरात लिहिणारा सोपान नसलेल्या बाया किती असतील? गुणाला कागद लागत नाही, हे मी मान्य करतो. गुण दिसायला मात्र नोंद लागते, आणि नोंद करणारा माणूस त्या कामाला बसवावा लागतो.

जळगावच्या माणसाला हे सराफ बाजारातल्या गोष्टीनं लवकर कळेल. माझी आजी दागिना मोडायला जायची तेव्हा सराफ काळ्या दगडावर तो घासायचा, रेघेकडे बघायचा आणि कस सांगायचा. चांगले सराफ खरंच सांगायचे. पण तो खरं सांगतो की नाही, हे कळायला आजीकडे काहीच साधन नव्हतं. त्याच्या शब्दावर तिची दोन तोळ्यांची पाटली उभी होती. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा होत गेला आणि अनोळखी, अडाणी गिऱ्हाइकाला खात्रीचा आधार मिळाला. पदवीचं मूळ काम हेच होतं, अनोळखी माणसाच्या वतीनं बोलायचं. पण हॉलमार्कला किंमत आहे ती त्या छोट्या खुणेमुळे नाही. खूण उमटवण्याआधी केंद्रात सोन्याची तपासणी होते, म्हणून आहे. तपासणी न करता कोणी खूण उमटवू लागलं तर काय होईल? आपल्या बऱ्याच पदव्यांचं तेच झालं आहे. जर्नल दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवलेलं, प्रॅक्टिकलच्या दिवशी यंत्र बंद, बाहेरून आलेले परीक्षक तोंडी दोन प्रश्न विचारून गेले. अशी प्रॅक्टिकलं मी स्वतः पाहिली आहेत. पोरगा तीन वर्षं फी भरतो, खूण घेऊन येतो, आणि वीज मोजायचा मल्टिमीटर कोणत्या रेंजवर ठेवायचा हे त्याला आमच्याकडे कळतं. फसवणूक त्याचीच झालेली असते आणि शिव्याही तोच खातो.

म्हणून भांडण खुणेशी नाही, तपासणी कोण करणार याच्याशी आहे. याबाबतीत अमेरिकेतला एक जुना खटला मला फार मोलाचा वाटतो. उत्तर कॅरोलिनात ड्यूक पॉवर कंपनीचं वीज केंद्र होतं. तिथं काळ्या कामगारांना फक्त मजुरी विभागात घेत, आणि त्या विभागातला सर्वांत मोठा पगार इतर विभागांतल्या सर्वांत छोट्या पगारापेक्षा कमी होता. इतर विभागांत जायला हायस्कूलच्या प्रमाणपत्राची अट होती. १९६५ मध्ये भेदभावबंदीचा कायदा लागू झाला, त्याच वेळी कंपनीनं तिथल्या प्रवेशासाठी लेखी बुद्धिमापन चाचण्याही आणल्या. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की अट किंवा चाचणी प्रत्यक्ष कामाशी जोडलेली आहे हे मालकानं दाखवलं पाहिजे. अटीच्या आधी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते, हा तिच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. लक्षात घ्या, कोर्टानं प्रमाणपत्र तर नाकारलंच, चाचण्याही नाकारल्या. परीक्षा घेतली म्हणजे न्याय झाला असं नाही. ती कामाचीच परीक्षा हवी. दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा आमच्या एमआयडीसीत 'ही अट या कामाला कशासाठी' असं कोणी कधी विचारलं आहे?

त्याच अमेरिकेतला अलीकडचा अनुभव दुसऱ्या टोकाचा इशारा देतो. २०२२ मध्ये मेरीलँड राज्यानं हजारो सरकारी नोकऱ्यांची पदवीची अट काढली, इतर राज्यांनी आणि मोठ्या कंपन्यांनीही तशा घोषणा केल्या. २०२४ मध्ये हार्वर्डच्या आणि बर्निंग ग्लास संस्थेच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर या बदलामुळे खरोखर लाभ झाला तो सातशे नेमणुकांमागे एकीपेक्षाही कमी ठिकाणी. जाहिरातीतली ओळ गेली, निवडणाऱ्याची सवय गेली नाही. हातात नवी मोजपट्टी दिली नाही तर माणूस जुनीच वापरणार.

नवी मोजपट्टी म्हणजे काय, ते आम्ही २०१८ पासून करतो आहोत तेवढं सांगतो. भिंतीवर एक स्टार्टर पॅनल लावलं आहे, खाली पाच एचपीची मोटर. पॅनलमध्ये आम्ही मुद्दाम तीन दोष ठेवतो: जादा भार आला की मोटर बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेचं एक टर्मिनल सैल, कंट्रोलचा एक फ्यूज उडालेला, मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट कार्बननं काळा. उमेदवाराला नाव नाही, छातीवर क्रमांक. दोघे जण वेगवेगळे उभे राहून गुण लिहितात, आणि कागद जमा होईपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. पहिले गुण दोष सापडल्याचे नाहीत. मेन बंद केला का, बंद झाल्याची टेस्टरनं खात्री केली का, याचे आहेत. शेवटी कागदावर लिहायचं किंवा तोंडी सांगायचं, आधी काय तपासलंत आणि का. पाचशे रुपये आणि एसटीचं भाडं प्रत्येकाला, निवड होवो न होवो.

पहिल्याच वर्षी एक नववी नापास माणूस आला, अकरा वर्षं रिवाइंडिंगच्या दुकानात काढलेला. त्यानं आधी फ्यूज बदलला, मग पॅनलला कान लावला, दोनदा बटण दाबलं आणि सात मिनिटांत कॉन्टॅक्टर काढून दाखवला. कसं कळलं विचारल्यावर म्हणाला, "आवाज बदलस ना, साहेब." पण त्यानं मेन बंद न करता आत हात घातला होता. सुरक्षिततेचे गुण शून्य. एक पदविकाधारक ड्रॉइंग हातात घेऊन दहा मिनिटं नुसता उभा राहिला, मग क्रमानं गेला आणि दोन दोष शोधले. एरंडोलकडची एक आयटीआय झालेली मुलगी होती. तिनं दोन शोधले आणि कागदावर लिहिलं, तिसऱ्याबद्दल सांगता येत नाही, कारण मीटरची लाल लीड आतून तुटली आहे, रीडिंग येतंय-जातंय. आम्ही तपासलं. लीड खरंच तुटलेली होती. तिच्या आधीच्या चौघांच्या ते लक्षात आलं नव्हतं, आमच्याही नाही. त्या चौघांना आम्ही पुन्हा बोलावलं. शेवटी तो माणूस आणि ती मुलगी, दोघांनाही घेतलं. त्याला सहा आठवडे फक्त मेन बंद करून कुलूप लावायची सवय लावण्यात गेले. दहा मिनिटांच्या गप्पांत यातलं काय दिसलं असतं? आणि पदवीच्या चाळणीत हे दोघे आमच्या फाटकापर्यंत तरी आले असते का?

खर्च परवडत नाही, असं छोटे मालक म्हणतात. बारा उमेदवारांचे सहा हजार रुपये, भाडं आणि दोन माणसांचा एक दिवस. चुकीचा माणूस चार महिन्यांत सोडून गेला तर याहून जास्त जातात. सरकारी भरतीत लाखो अर्ज असतात, तिथं हे कसं करणार, हा प्रश्न मात्र खरा आहे. पण स्टेनोची गती तपासतातच, एसटीचा चालक गाडी चालवून दाखवल्याशिवाय लागत नाही, पोलिसाला मैदानावर धावावंच लागतं. जिथं करायचं ठरवलं तिथं जमलेलं आहे. आणि डॉक्टर, वायरमन यांचे परवाने काढून टाका असं मी मुळीच म्हणत नाही. जिथं चूक झाली तर दुसऱ्याचा जीव जातो, तिथं परवाना हवाच.

पैशांच्या मुद्द्यावर मी अडून बसतो, त्याचं कारण आपल्याच भाषेत आहे. 'उमेदवार' हा शब्द आज आपण अर्जदाराला वापरतो. इंग्रजी अमदानीत कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या उमेदीवर बिनपगारी राबणारा तो उमेदवार. वर्षानुवर्षं कागद लिहायचे, कारकुनाची मर्जी सांभाळायची. काम बघून घेण्याची ती पद्धतच होती, पण ती परवडायची ज्याच्या घरी पोटापुरतं होतं त्यालाच. आज 'तीन महिने करून दाखव, मग बघू' असं म्हणणारे कौशल्याच्या नावाखाली तीच उमेदवारी परत आणत आहेत. आणि सरकारची नजर अजून कागदावरून हललेली नाही. २०२४ मध्ये आलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन ठरलं. एकाच टेबलावर एकच काम करणाऱ्या दोघांना वेगळे पैसे का? सुरुवात कागदावर ठरवा, हरकत नाही. पण दोन महिन्यांनी काम तपासून ती रक्कम सारखी करायला काय अडतं?

राहिला सातपुड्यातल्या पोराचा प्रश्न, ज्याला मोटर कधी उघडायलाच मिळाली नाही. त्याच्यासाठी पॅनलची परीक्षा उपयोगाची नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. आता शिकाऊ जागांना वेगळी परीक्षा आहे. एक तास आम्ही शिकवतो, अगदी पहिल्यापासून, आणि पुढचा तास त्याच गोष्टीवर काम देतो. तासाभरात किती उचललं, एवढंच मोजायचं. पावसाळ्याआधी धडगावकडच्या एका पोराचा फोन आला. बारावी झाली आहे, मीटर हातात धरलेला नाही, चालेल का, म्हणाला. चालेल म्हटलं. मग त्यानं वेळ विचारली. सकाळी नऊ सांगितल्यावर तो गप्प झाला. घाट उतरून शहाद्याला यायचं, तिथून जळगावची गाडी धरायची, म्हणजे नऊला पोचायला आदल्या दिवशीच निघून इथं कुठेतरी रात्र काढावी लागणार. चार दिवसांनी त्याला मीच फोन केला. त्या तुकडीची परीक्षा आम्ही दुपारी दोनला ठेवली होती.